चाक फिरवल्याने स्टिअरिंगमधली हवा निघते का?

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, तापोळा-बामणोलीकडे, बोटीचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) स्टिअरिंग सैल लागू लागले की ‘चाक दोन्ही टोकांपर्यंत भरपूर फिरवा, हवा आपोआप निघते’ असा सल्ला मिळतो. तो अर्धवट आहे. चाकामागच्या पंपाजवळची हवा तेल भरण्याच्या तोंडातून निघते हे खरे. परंतु इंजिनाजवळच्या, त्याला वळवणाऱ्या सिलिंडरमध्ये आणि लांब नळ्यांत अडकलेला बुडबुडा तेलाबरोबर नुसता मागेपुढे सरकतो. तेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. म्हणून चाक स्पंजासारखे लागते आणि इंजिन उशिरा वळते.

ही हवा सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या निपलमधूनच (हवा सोडण्याच्या छोट्या तोंडातून) काढावी लागते. एका निपलला पारदर्शक नळी लावून तो सैल करावा, सिलिंडरचा दांडा सरकू नये म्हणून धरून ठेवावा आणि तेल त्याच बाजूला येईल असे चाक सावकाश फिरवावे. नळीतला फेस थांबून सलग तेल दिसू लागले की चाक फिरते ठेवूनच निपल आवळावा. मग दुसरी बाजू. या काळात पंपात तेल ओतत राहायला दुसरा माणूस हवाच, कारण ते मध्येच संपले तर सगळे पहिल्यापासून. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणे तर त्याहून वाईट; त्याने सील खराब होतात.