छप्पर कापलं की तळ? चॉप आणि चॅनल यांतला फरक

गोव्यात डिचोलीला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे सध्या दोन गाड्या आहेत. एक भंगारातून आणलेला अँबॅसडरचा सांगाडा, दुसरी जुनी जीप. दोन्ही बुटक्या केलेल्या. येणारा-जाणारा दोन्हींकडे बघून एकच बोलतो, "बरी खाली बसवली गाडी." माझा भाचाही परवा तेच म्हणाला, "मामा, कुठूनही कापा, गाडी बुटकीच होणार ना?" खरं तर अँबॅसडरचं छप्पर कापलंय आणि जीपचा तळ. हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी कापून-जुळवून नव्याने बांधलेल्या जुन्या गाड्या. त्या बांधणारे पहिल्याला चॉप म्हणतात, दुसऱ्याला चॅनल. या दोन कामांची गल्लत झाली, तर महिनाभराचा पत्रा वाया जातो. म्हणून त्याला सांगितलं तेच इथे नीट मांडतो.

आपलं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. सगळे खांब मधून चार बोटं कापले आणि छप्पर तेवढं खाली उतरवलं, तर तो झाला चॉप. खिडक्या ठेंगण्या होतील, पण जमीन जिथे होती तिथेच राहील. आता दुसरं घर घ्या. त्याचे खांब, खिडक्या, छप्पर यांना हात लावायचा नाही. सगळं घर उचलून जोत्यावर असं उतरवायचं, की जोतं घराच्या आत शिरेल. बाहेरून घर जमिनीला टेकलेलं दिसेल, पण आत पाऊल टाकलं की जमीन वर आलेली असेल. हा चॅनल. गाडीत जोतं म्हणजे चेसिस, बॉडीखालची लोखंडी चौकट.

ओळखायची खूण यातूनच मिळते. आधी काचांची उंची बघायची. ती मूळ गाडीपेक्षा कमी असेल तर चॉप झालाय. मग दार उघडून उंबऱ्याकडे बघायचं. बॉडीची खालची कड आणि पाय ठेवायचा तळ यांत चार बोटांचं अंतर पडलेलं दिसलं, तर गाडी चॅनल केलेली आहे. डोक्यावरची जागा दोन्हीकडे कमी होते, गोंधळ होतो तो त्यामुळेच. चॉपमध्ये छप्पर डोक्याकडे येतं, चॅनलमध्ये तळ सीटसकट माणसाला वर ढकलतो.

दोन्ही गोष्टींचं मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांत आहे. म्युरॉक आणि एल मिराज इथल्या सपाट तळांवर तिथली पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना उभी केली. समोरून वाऱ्याला भिडणारं क्षेत्रफळ घटलं, की त्याच इंजिनावर जास्त वेग मिळतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे आवडीनिवडी ठरत गेल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चॅनल लोकप्रिय झाला, तर पश्चिमेला बॉडी चेसिसवर उंच ठेवून मडगार्ड काढलेली गाडी आवडायची. तिला हायबॉय म्हणतात. १९३२ च्या फोर्डची चेसिस बाजूने दिसायला सुंदर आहे, तिच्यावर कारखान्यातच दाबलेली रेघ आहे. ती बॉडीआड लपवायला कित्येकांचं मन होत नाही. माझंही होणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. चॉप ऐकायला सोपा, हाताला अवघड. खांब सरळ उभे असते तर तीन इंच कापायचं, खाली बसवायचं, वेल्डिंग करायचं, संपलं. फोर्ड मॉडेल ए सारख्या उभट गाडीत जवळपास असंच होतं. पण अँबॅसडरची पुढची काच मागे झुकलेली, मागची पुढे झुकलेली, म्हणजे छप्पर वर निमुळतं. तीस अंश झुकलेल्या खांबातून उभे तीन इंच काढले, तर वरचा तुकडा खालच्या टोकापासून सुमारे पावणेदोन इंच सरकून बसतो. मागेही तितकाच झुकाव धरला, तर छप्पर एकूण साडेतीन इंच आखूड पडतं. मग एक तर छप्पर आडवं कापून मधे पट्टी घालायची, नाही तर खांबच आणखी झुकवायचे. आम्ही पट्टी घातली. खांबांना हात लावला की दारांच्या चौकटी बिघडतात, म्हणून.

कापण्याआधी आतून चौकोनी पाइपचा आधार वेल्ड केलाच पाहिजे, नाही तर छप्पर सुटताच खालची बॉडी उघडते आणि दारं पुन्हा लागत नाहीत. काचेचा विचार तर त्याही आधी करायचा. टफन केलेली काच कापता येत नाही, ती भुगा होते. लॅमिनेटेड कापता येते, पण वक्र असेल तर कापणाऱ्याचा हात मुरलेला हवा. काच कुठून येणार हे ठरेपर्यंत ग्राइंडर हातात घेऊ नये.

वेल्डिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आमच्या भागात ही चूक हमखास होते. डिचोली-साखळीकडचे वेल्डर खाणींच्या टिप्परवर तयार झालेले आहेत. जाड प्लेटवर रॉड चालवावा तो त्यांनीच. पण गाडीचा पत्रा असतो जेमतेम मिलीमीटरभर, त्याला रॉडने भोकं पडतात. इथे सीओटू, म्हणजे वायूच्या आवरणात तारेने करायचं वेल्डिंग लागतं, ०.८ मिलीमीटरची तार लागते आणि धीर लागतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. सलग शिवण मारली की छपराला लाटा येतात आणि मग त्या पुट्टीने झाकाव्या लागतात. पुट्टीखाली पाणी शिरलं तर गोव्याच्या हवेत तो पत्रा दोन पावसाळेसुद्धा टिकणार नाही. जुलैत उघडा घासलेला पत्रा रात्रीत तांबूस होतो, म्हणून संध्याकाळी निघताना प्रायमर मारल्याशिवाय आम्ही शेड बंद करत नाही.

चॅनलमध्ये हे नाजूकपण कमी, पण त्याचे परिणाम गाडीभर पसरतात. तळ कडेने कापून बॉडी चेसिसच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडायची आणि तळ वर नव्याने वेल्ड करायचा. बॉडी तीन इंच खाली आली की चाकांवरच्या कमानीही तीन इंच खाली येतात आणि टायर घासू लागतो. इंजिन मात्र चेसिसवर होतं तिथेच राहतं, त्यामुळे बॉनेटच्या मानाने ते वर आल्यासारखं होतं. रेडिएटर, स्टिअरिंगचा दांडा, पेडल सगळं पुन्हा जुळवावं लागतं. चेसिसची जमिनीपासूनची उंची चॅनलने बदलत नाही. ती बदलायची तर स्प्रिंग किंवा अॅक्सल बदलायला हवा, ते तिसरंच काम.

आपल्याकडे मोठा फरक पडतो तो याच्याही पुढे. चॅनलला वेगळी चेसिस लागते. टिप्परचा हौदा उचलला तर खाली चेसिस राहते, जीपचंही तसंच. अँबॅसडर आणि पद्मिनी यांची बॉडी हीच त्यांची चेसिस, तळ कापला की गाडीचा कणाच कापला. "अँबॅसडर चॅनल करून दे" म्हणत कुणी आलं, तर मी हात जोडतो.

कायदा दोन्हींकडे सारखाच बघतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल तरच. म्हणून आमच्या दोन्ही गाड्या अंगणाबाहेर चालवायच्या नाहीत. आणि मूळ रूपात टिकलेली गाडी मी कधीच कापणार नाही, भंगारात निघालेलीच घेतो.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता, एकाच गाडीत दोन्ही करायचं तर आधी कुठलं? आधी चॅनल. जीपच्या नव्या तळावर त्याला बसवलं, पाय पेडलपर्यंत लांब करायला लावले आणि नजर समोर ठेवायला सांगितली. मग त्याच्या डोळ्यांच्या रेषेत काचेच्या चौकटीवर खडूची खूण केली. कापायचं किती, ते त्या खुणेवरून मोजायचं आहे.