टोमॅटोशिवाय पास्ता सॉस: व्हिनेगर शेवटीच घाला

आमच्या भाज्यांच्या पाकिटाबद्दल सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: "तासभर शिजवलं, तरी गाजर टणकच!" व्हिनेगर कधी घातलंत असं विचारलं, की उत्तर बहुतेकदा "सुरुवातीलाच" असं येतं.

भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहज सुटत नाही. व्हिनेगर किंवा लिंबू आधी पडलं, की गाजर-बीट मऊ व्हायला फार वेळ घेतात आणि मिक्सरमधून सॉसऐवजी रवाळ चुरा निघतो. म्हणूनच आम्ही व्हिनेगरची बाटली वेगळी देतो. चुकून आधी घातलंच असेल, तर ते पाणी काढून टाका आणि भाज्या ताज्या पाण्यात शिजवा.

पाकिटात 400 ग्रॅम गाजर, 200 ग्रॅम लाल भोपळा, 150 ग्रॅम कांदा आणि 60 ग्रॅम बीट असतं, चौघांना पुरतं. गाजर-बीट आम्ही बारीक चिरून देतो, म्हणजे भोपळ्याबरोबरच शिजतात. 3 टेबलस्पून तेलात कांदा आणि लसणाच्या 4 पाकळ्या मंद आचेवर 10 मिनिटं परता. कांद्याच्या कडा तांबूस व्हायलाच हव्यात, घाई केली तर सॉस उकडलेल्या भाजीसारखा लागतो. मग उरलेल्या भाज्या, 1 टीस्पून मीठ, 300 मिली पाणी घालून झाकण ठेवा. 25 मिनिटांनी गाजराचा सर्वांत जाड तुकडा चमच्याच्या पाठीने दाबून बघा. आत टणक गाभा लागला तर आणखी 5 मिनिटं द्या.

जरा निवल्यावर वाटा. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका, वाफेने झाकण उडतं. आता 30 मिली व्हिनेगर, चव बघत थोडं थोडं. 1 टीस्पून सोया सॉसने टोमॅटोची ती भरीव चव बरीचशी भरून निघते. पित्तामुळे टोमॅटो बंद असेल तर व्हिनेगरही बेतानेच घाला.

बीट देताना आम्ही मुद्दाम हात आखडता घेतो. एवढ्याच बिटाने गाजराचा केशरी रंग लाल दिसतो. जास्त झालं की सॉस गुलाबी-जांभळा होतो आणि मातकट लागतो.

घाईच्या दिवसासाठी शिजवून वाटलेला बेसही आमच्याकडे मिळतो, त्यातही व्हिनेगर नसतं.

उरलेला सॉस फ्रिजमध्ये 3 दिवस, फ्रीजरमध्ये 3 महिने चांगला राहतो. बरणीत भरून बाहेर मात्र ठेवू नका. या भाज्यांत टोमॅटोइतका आंबटपणा नसतो, आणि आपण घातलेलं व्हिनेगर चवीपुरतं आहे, टिकवण्यापुरतं नाही.