हवापालट करून ये, बरं वाटेल: या सल्ल्यामागची गोष्ट

छातीचं दुखणं लांबलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, चार दिवस हवापालट करून ये. मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा मीही हे ऐकलं. कोर्स संपला होता, ताप गेला होता, एक्स-रे पण बराचसा क्लिअर आला तरी खोकला काही पिच्छा सोडेना, आणि तो रोज सारखा पण नसायचा, गार धुरकट सकाळी जिना चढताना धाप लागायची आणि पाऊस पडून हवा धुतली गेली की दुसऱ्या दिवशी छाती एकदम मोकळी. तेव्हा वाटलं की हा सल्ला नुसता प्रेमाचा आहे की त्यात काही तथ्य आहे ते बघावं तरी.

हवेवर आजार ढकलायची सवय खूप जुनी. हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या, साधारण 2400 वर्षांपूर्वीच्या लिखाणात वारा कुठल्या दिशेचा, ऋतू कुठला, यावरून गावात कोणते आजार दिसतील याची चर्चा आहे. मलेरिया हा शब्दच मुळात 'वाईट हवा' असा इटालियन शब्द, मग डास सापडला आणि हवा निर्दोष सुटली.

खरी धमाल 19व्या शतकात आहे. टीबीवर औषध नव्हतं, त्यामुळे डॉक्टर तरी काय देणार, हवा देत होते. हर्मन ब्रेमर नावाच्या डॉक्टरने 1850 च्या दशकात गोर्बर्सडॉर्फला (आता पोलंडमध्ये) डोंगरात सॅनेटोरियम (टीबीच्या पेशंटनी राहून बरं व्हायचं हॉस्पिटल) काढलं, त्याची थिअरी अशी की उंचावर हृदय जोरात चालतं, फुप्फुसाला रक्त जास्त मिळतं आणि रोग हटतो. थिअरी चुकीची, पण सॅनेटोरियम तुफान चाललं. 1865 पासून स्वित्झर्लंडमधल्या दावोसला हिवाळ्यात पेशंट यायला लागले, बर्फाळ थंडीत उघड्या गॅलरीत ब्लँकेट गुंडाळून तासन् तास पडून राहायचं, हीच ट्रीटमेंट.

यात मला सगळ्यात आवडतो तो ट्रूडोचा सशांचा प्रयोग. एडवर्ड ट्रूडो हा अमेरिकन डॉक्टर, स्वतः टीबीचा पेशंट, डोंगरात जाऊन बरं वाटलं म्हणून तिथेच राहिला आणि 1885 मध्ये त्याने सॅरानॅक लेकला पेशंटसाठी पहिली छोटी कॉटेज उभी केली. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने टीबीचा जंतू 1882 मध्येच दाखवला होता, मग ट्रूडोला प्रश्न पडला की जंतू आहे तर हवेचं काम काय? त्याने पाच सशांना जंतू टोचून अंधाऱ्या कोंदट जागेत ठेवलं, पाचांना तसेच जंतू टोचून एका बेटावर मोकळं सोडलं, आणि आणखी पाच जंतू न टोचता कोंदट जागेत. बेटावरचे पाचातले चार तगले, कोंदट जागेतले जंतूवाले पाचातले चार गेले, आणि नुसत्या कोंदट जागेतले रोडावले पण मेले नाहीत. म्हणजे वाईट जागा स्वतः टीबी देत नाही, पण झालेला टीबी पचवू पण देत नाही. आता बेटावरच्या सशांना खायलाही भरपूर होतं, त्यामुळे सगळं श्रेय हवेला देणं बरोबर नाही, पण प्रश्न विचारायची पद्धत मात्र जबरदस्त होती.

मग 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, पाठोपाठ बाकीची औषधं आली, आणि हवेची गादी गेली. शेवटचा धक्का 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने दिला. तिथे टीबीच्या पेशंटचे दोन गट केले, औषधं दोघांना तीच, एक गट सॅनेटोरियममध्ये आणि दुसरा आपापल्या घरी, घरं म्हणजे दाटीवाटीची, खाणं बेताचं. 1959 मध्ये निकाल आला तर घरचे पेशंट जवळपास तितकेच बरे झालेले. मग डोंगरातली मोकळी हवा, आराम, दूध-अंडी यांचं महत्त्व किती राहिलं? हळूहळू सॅनेटोरियम बंद पडत गेली. आणि माझ्या मते इथे एक चूक झाली, हवेने टीबी बरा होत नाही यावरून बरं होण्याशी हवेचा काही संबंधच नाही असं लोक धरून चालले.

खरं तर उलटा पुरावा त्याच काळात जमा होत होता, फक्त दुसऱ्या खात्यात. डिसेंबर 1930 मध्ये बेल्जियममधल्या म्यूज खोऱ्यात कारखान्यांचा धूर धुक्यात अडकला आणि काही दिवसांत सुमारे 60 माणसं गेली. ऑक्टोबर 1948 मध्ये अमेरिकेत डोनोरा गावात 20. आणि 5 ते 9 डिसेंबर 1952 ला लंडनमध्ये, तेव्हाचा अंदाज 4000 मृत्यूंचा, नंतरच्या हिशोबात 12000 पर्यंत. तिन्ही ठिकाणी भानगड एकच, एरवी जमिनीजवळची हवा गरम असते म्हणून वर जाते आणि धूर घेऊन जाते, पण थंडीत वारा पडला की खाली गार हवा आणि वर गरम हवेचं झाकण, धूर जाणार कुठे. मेलेल्यांत बरेच जण आधीच दमा-ब्राँकायटिसवाले (ब्राँकायटिस म्हणजे श्वासनळ्यांची सूज) किंवा हृदयाचे पेशंट होते. 1956 मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

लंडनच्या डॉक्टर पॅट्रिक लॉथरने मग फार साधं काम केलं. जुनाट ब्राँकायटिसच्या पेशंटना छोट्या डायऱ्या दिल्या, रोज एवढंच लिहायचं की आज नेहमीपेक्षा बरं, तसंच, की वाईट. या नोंदींचा आलेख काढला तर धूर आणि सल्फर डायऑक्साइड वाढले की पेशंट वाईट, अगदी दिवसाला दिवस जुळणारं. माझा जिन्यावरचा अनुभव म्हणजे फार काही नवीन नव्हता तर.

आता हे का होतं, तर इन्फेक्शन संपलं तरी श्वासनलिकेचं आतलं अस्तर लगेच धड होत नाही. त्यावरचे बारीक केस, जे कफ वर ढकलत असतात, ते व्हायरसने झडलेले असतात आणि परत उगवायला आठवडे लागतात, साध्या ब्राँकायटिसचा खोकलाही सरासरी 18 दिवस टिकतो. तोवर नळ्या चिडचिड्या असतात. गार कोरडी हवा आत गेली की अस्तर सुकतं आणि नळ्या आवळतात. 2019 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात फ्लू झालेले उंदीर कोरड्या हवेत ठेवले तर कफ ढकलायचं काम मंदावलं, अस्तराची दुरुस्तीही रेंगाळली. म्हणून दमट हवा चांगली असं धरून खोली बंद करून वाफ कोंडू नका, ओल आली की बुरशी येते आणि ती वेगळीच डोकेदुखी. आणि 2.5 मायक्रॉनच्या आतले कण तर नाकात फारसे अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत जातात. या कणांसाठी 2005 मध्ये डब्ल्यूएचओने वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटर हवेला 10 मायक्रोग्रॅम ठेवली होती, 2021 मध्ये ती 5 वर आणली.

कण कमी केले तर फरक पडतो का याचं उत्तर योगायोगाने मिळालं. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात एक स्टील प्लांट ऑगस्ट 1986 ते सप्टेंबर 1987 बंद होता. आर्डेन पोप या संशोधकाने हॉस्पिटलच्या नोंदी काढल्या तर प्लांट चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस-दम्याने ॲडमिट होणारी मुलं बंदच्या हिवाळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट.

आणि बरं होण्याच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा अभ्यास 2018 चा, परत लंडनचाच. साठीच्या पुढच्या लोकांना, त्यात सीओपीडीवाले (फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद झालेले) पण होते, दोन तास चालायला लावलं, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेल गाड्यांच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. पार्कात चालून फुप्फुसांचे आकडे सुधारले, रस्त्यावर चालून तो फायदा बराचसा गळून गेला, सीओपीडीवाल्यांना तर खोकला-धाप वाढली.

डिस्चार्जच्या कागदावर 'रोज चाला' असतं, कुठे आणि किती वाजता ते मी तरी कधी लिहिलेलं पाहिलं नाही. मी आपला शहाण्यासारखा हिवाळ्यात पहाटे साडेपाचला निघायचो, ताजी हवा म्हणून, आणि वरचं ते गरम झाकण नेमकं त्याच वेळी सगळ्यात घट्ट बसलेलं असतं, ऊन चढलं की मग सुटतं. आता साडेनऊनंतर निघतो.