आंब्याखालची सावली पडवीत मिळत नाही

नर्सरीतून 'सावलीतलं झाड' म्हणून क्रोटन आणायचं, पडवीत टांगायचं, महिन्याभरात पानं गळायला लागली की खत घालायचं, मग पाणी वाढवायचं आणि शेवटी झाडालाच नावं ठेवायची. कमी खतही पडलं नव्हतं आणि पाणीही. झाड एका सावलीत वाढलेलं होतं, ठेवलं गेलं भलत्याच सावलीत.

झाडाखालची सावली कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. माडापोफळींच्या आगरात हळद, अननस, जायफळ, मिरीचा वेल सगळं सुखाने वाढतं. वरून कवडसे पडतात, दिवसभर सरकत राहतात. पाऊस आणि दवही मिळतं. नर्सरीतली हिरवी जाळीही याच वर्गातली. 50 टक्क्यांच्या जाळीखाली अर्धं ऊन पोचतं. भर दुपारच्या उघड्यावर सुमारे 1 लाख लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो, म्हणजे जाळीखाली 50 हजार. खोल पडवीत भिंतीलगत मात्र हजारभर लक्स मिळाले तरी पुष्कळ. आपले डोळे सरावतात म्हणून हा फरक जाणवत नाही.

पडवीत वरून काहीच येत नाही. जो काही उजेड येतो तो एकाच बाजूने, वळचणीखालून. म्हणून 'इनडोअर'ची चिठ्ठी वाचण्यापेक्षा एवढंच बघावं, की कुंडीच्या जागेवरून आकाश किती दिसतं. जिथे पानं येणार तिथे मोबाइल धरा, कॅमेरा अंगणाकडे करा आणि फोटो काढा. फोटोत निम्मं आकाश आलं तर जागा उजेडाची. वरच्या बाजूला नुसती पट्टी आली तर मध्यम. अंगण आणि गडग्याशिवाय (कुंपणाच्या दगडी बांधाशिवाय) काहीच आलं नाही, तर तो अंधारच.

टांगत्या कुंड्यांची फसगत होते ती इथेच. उंच टांगलं की उजेड जास्त, असं धरून चालतात. उतरत्या छपराच्या घरात हे नेमकं उलट असतं. समजा, वळचण जमिनीपासून साडेसहा फुटांवर आहे आणि भिंतीपाशी छप्पर नऊ फुटांवर. भिंतीजवळच्या वाशाला साडेसात फुटांवर कुंडी टांगली, तर ती वळचणीपेक्षाही वर जाते. तिला आकाश दिसतच नाही. मिळतो तो अंगणातून आणि भिंतीवरून परतलेला उजेड. तिच्याच बरोबर खाली जमिनीवर ठेवलेल्या कुंडीला मात्र आकाशाची चांगली पट्टी दिसते. तेव्हा टांगायचंच असेल तर वळचणीच्या दीड फूट आत, आणि पानं वळचणीच्या फूटभर तरी खाली येतील अशी दोरी लांब सोडून. अगदी वळचणीखाली नको. पागोळ्यांची धार कुंडीत पडली की आठवड्याभरात खत-माती धुऊन जाते आणि मुळं उघडी पडतात.

निम्मं आकाश असेल तिथे बॉस्टन फर्न, बेगोनिया, कोलियस, स्पायडर प्लांट. पट्टी असेल तिथे सिंगोनियम, पीस लिली, पट्ट्यापट्ट्यांचा मनी प्लांट. अंधारात झीझी (झेडझेड प्लांट), स्नेक प्लांट, अ‍ॅग्लोनेमा, आणि तेही साध्या हिरव्या पानांचं. लाल-गुलाबी जातींचे रंग तिथे उतरतात. मनी प्लांटच्या नव्या पानांवरचे पट्टे पुसट झाले, पेरांमधलं अंतर वाढलं, की उजेड कमी पडतोय असं समजावं. खत हा त्यावरचा इलाज नव्हे. पेटुनिया आणि ऑफिस टाइम (पोर्तुलाका) पडवीत टांगण्याचा हट्ट मात्र सोडा. त्यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि फुलांनी भरलेली आणलेली टोपली पडवीत पुन्हा तशी फुलत नाही.

ऋतूप्रमाणे ही जागा बदलते. रत्नागिरीत डिसेंबरात भर दुपारीही सूर्य 50 अंशांच्या फारसा वर जात नाही, त्यामुळे दक्षिणेच्या पडवीत ऊन आत शिरतं आणि फर्नची टोकं करपतात. मे महिन्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि तीच पडवी सावलीत जाते. पश्चिमेला बाराही महिने दुपारनंतर तिरपं ऊन, वर खारा वारा. तिथे नाजूक पानांचं काही ठेवू नये. त्यात पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा निळं प्लास्टिक बांधलं, की उजेडाची जागा एका दिवसात अंधारी होते. त्याच दिवशी कुंड्या हलवा.

बाकीचं किरकोळ. टांगत्या कुंडीत जांभ्याची लाल माती नको, जड होते आणि घट्ट बसते. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग भाताचं तूस पुरे. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. दहा इंची कुंडी भिजल्यावर चार-पाच किलोंची होते, म्हणून आकडा वाशालाच लावायचा, कौलांखालच्या बारीक रिपेला नाही. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजून तुटते. नायलॉनची दोरी बरी, तीही दर वर्षी तपासावी. पाणी मातीत बोट दोन पेरं घालून बघूनच द्या. वळचणीजवळची कुंडी वाऱ्याने उन्हाळ्यात रोज सुकते, आतल्या अंधारातल्या झीझीला पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुष्कळ झालं. दोन्हींना एकाच झारीने एकाच वेळी पाणी घातलं की आतलीच आधी कुजते.