व्हेन्व म्हणजे कोरं मशीन नव्हे

‘नव्या व्हेन्वमध्ये चालवून बघितलं, म्हणजे कोऱ्या मशीनवर तपासलं’ हे परवा पुन्हा ऐकलं. पायथनमध्ये कमांड-लाइन टूल लिहिणाऱ्यांना व्हेन्व (venv, एका प्रोजेक्टपुरतं पायथनचं वेगळं वातावरण) सांगायला नको, 3.3 पासून ते पायथनसोबतच येतं. कंटेनर (बाकी मशीनपासून वेगळा ठेवलेला, टूल चालवायचा बंद डबा) जड, व्हेन्व हलकं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

गोची एकाच ठिकाणी होते. व्हेन्व वेगळी करतं ती फक्त पायथनची पॅकेजेस. ॲक्टिव्हेट केलं की त्याचं बिन फोल्डर पाथच्या, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या, सुरुवातीला जाऊन बसतं, बाकीचा पाथ मागे जसाच्या तसा. होम फोल्डर तुमचंच, एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल्स तीच, टूल आतून गिट चालवत असेल तर ते गिटही तुमच्या मशीनवरचंच.

माझं एक टूल पहिल्यांदा चालताना होममधल्या ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरात स्वतःची सेटिंग्जची फाइल बनवायचं. ते फोल्डरच नसेल तर आधी तयार करायचं, ही ओळ मी लिहिलीच नव्हती. माझ्याकडे ते कधीपासून होतं, त्यामुळे कितीही वेळा व्हेन्व पुसून नव्याने बनवलं तरी टेस्ट पास. कंटेनरमध्ये मात्र पहिल्याच कमांडला ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ म्हणत टूल कोसळलं. कंटेनरला स्वतःची फाइल सिस्टिम असते, म्हणून हे तिथे उघडं पडलं.

म्हणून रोजच्या कामाला व्हेन्वच वापरा, पण टेस्ट चालवताना ‘होम’ व्हेरिएबल एखाद्या रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरकडे वळवा. रिलीजच्या आधी मात्र कंटेनर हवाच, आणि तोही दर वेळी नवा. सोय म्हणून त्यात स्वतःचं होम फोल्डर माउंट करणारे, म्हणजे आत जोडून देणारे, लोक दिसतात, ते तर मला बघवत नाही. मग कंटेनर घेतलाच कशाला?

कंटेनरच्या दोन खोडीही लक्षात ठेवा. मॅकवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, तेव्हा खास मॅकवरचा बग तिथे शोधू नका. शिवाय आत तुम्ही बहुधा रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, असता. वाचायची परवानगी काढलेली फाइलही रूट बिनदिक्कत वाचतो, त्यामुळे ‘परवानगी नाही’ हा एरर तपासणारी टेस्ट तिथे विनाकारण फेल होते. अशा टेस्टसाठी कंटेनर साध्या यूजरने चालवा.