क्रुमलोवच्या किल्ल्यातले ‘घडीव दगड’

चेस्की क्रुमलोव हे चेक प्रजासत्ताकाच्या बोहेमिया प्रदेशातलं, व्हल्टावा नदीच्या वळणातलं गाव. तिथल्या किल्ल्याच्या फोटोंसोबत एक वाक्य हमखास फिरतं: ‘भिंती एकसारख्या घडवलेल्या प्रचंड दगडांच्या आहेत.’

फोटो पाहून तसंच वाटतं. पण आतल्या चौकांत दिसणारे दगड बहुतांशी रंगवलेले आहेत. किल्ला 13व्या शतकातला; 16व्या शतकात तो इटालियन वळणाचा महाल झाला, तेव्हा ओबडधोबड दगडी भिंतींवर गिलावा करून त्यावर दगड, कोनाडे, पुतळेही चितारले.

गावातल्या घरांवर याचीच दुसरी तऱ्हा दिसते, स्ग्राफितो. खाली कोळशाची पूड मिसळलेला गडद चुन्याचा गिलावा, वर पांढऱ्या चुन्याचा पातळ थर. तो ओला असतानाच खरवडला की खालची काळी रेघ उघडी पडते. उशीर झाला तर चुना कडक होतो आणि कडा तुटतात.

खात्री करायची तर एकाच भिंतीचे सकाळचे आणि दुपारचे फोटो शेजारी ठेवा. खऱ्या दगडाची सावली उन्हाबरोबर सरकते, रंगवलेली जागची हलत नाही. गिलावा निघालेली जागा सापडली तर उत्तमच, आतला वेडावाकडा दगडच दिसतो. दरीवरचा कमानींचा पूल मात्र खरोखर दगडी आहे.