मर्सिडीझचं ओएम ६१६ आणि ६१७ इंजिन

ओएम ६१६ आणि ओएम ६१७ ही मर्सिडीझ-बेंझची एकाच घराण्यातली दोन डिझेल इंजिनं, पहिलं चार सिलिंडरचं २.४ लिटर, दुसरं पाच सिलिंडरचं ३ लिटर. नाशिकमध्ये नाव कोणाला माहीत नसेल पण आवाज सगळ्यांना माहितीये, कारण त्र्यंबक, पेठ, वणी रोडला माणसं कोंबून धावलेल्या जुन्या काळी-पिवळी ट्रॅक्स जीपमध्ये हेच ६१६ बसायचं. म्हणजे जर्मनीत साहेबाची गाडी ओढणारं इंजिन इकडे दप्तरं, दुधाचे कॅन आणि टपावरच्या पाट्या ओढत होतं.

मूळ बघायचं तर १९५८ च्या १९० डी मधलं ओएम ६२१, मग १९६८ ला २०० डी आणि २२० डी मधलं ६१५, आणि तेच वाढवून १९७३ ला २४० डी साठी ६१६ आलं. लोखंडी ब्लॉक, वर एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), तो फिरवायला डबल चेन, बॉशचा डिझेल पंप आणि प्रीचेंबर, म्हणजे डिझेल आधी छोट्या खोलीत पेट घेतं आणि मग पिस्टनवर येतं, त्यामुळे धक्का कमी बसतो आणि इंजिन टिकतं. ताकद मात्र ६५ हॉर्सपॉवर, पुढे ७२. २४० डी ला शंभरचा स्पीड गाठायला २० सेकंदांच्या वर लागायचे, आज रिक्षावाला पण हसेल.

१९७४ ला त्यालाच एक सिलिंडर जोडून ६१७ केलं, बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) साधारण तेच, ९१ बाय ९२.४ मिलिमीटर. पॅसेंजर कारमध्ये पाच सिलिंडरचं इंजिन सिरीज प्रॉडक्शनमध्ये पहिल्यांदा आलं ते हेच. गंमत म्हणजे त्याच्या डिझाइनवर काम केलं फर्डिनांड पिएखने, जो नंतर फोक्सवॅगनचा बॉस झाला. साध्या ६१७ ला ८० आणि नंतर ८८ हॉर्सपॉवर. टर्बोचं (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं) मॉडेल १९७८ ला ३०० एसडी मध्ये आलं, ते पण फक्त उत्तर अमेरिकेसाठी, कारण तिकडे ॲव्हरेजचे सरकारी नियम कडक झाले होते आणि मोठी एस-क्लास विकायची तर डिझेल लावणं भाग होतं. टर्बोची गरमी सहन व्हावी म्हणून पिस्टनवर खालून ऑइलचा फवारा आणि सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दिले. हेच इंजिन आणखी फुगवून इटलीतल्या नार्दो ट्रॅकवर सी १११ नावाच्या गाडीने १९७६ ला ताशी सरासरी २५२ किलोमीटरने रेकॉर्ड काढले, १९७८ ला तर ३०० च्या वर. त्र्यंबक रोडला ट्रॅक्सच्या मागे अडकलेल्या माणसाला हे सांगून पटणार नाही.

जर्मनीत १९८५ च्या आसपास कारमधून ही जोडी गेली आणि ६०१, ६०२, ६०३ आली, त्यांना हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप गॅप धरणारे, असल्यामुळे व्हॉल्व्ह सेटिंगची कटकट संपली. इकडे मात्र तेव्हाच कुठे सुरू होत होतं. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, ६१६ इथेच बनवून १९८७ ला ट्रॅव्हलर मिनीबस आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्स आणली, नंतर गुरखाला पण हेच लावलं.

मेस्त्री लोकांना हे इंजिन आवडतं कारण त्यात सेन्सर नाही, लॅपटॉप लावायचा नाही, पाने आणि गेज असलं की झालं. रोग पण ठरलेले. काळा धूर मारला की आधी डिझेल फवारणारे नोझल काढून बघायचे (आणि नोझलच्या कारखान्याचं शहर म्हणजे आपलंच नाशिक, मायको ही बॉशचीच इथली कंपनी, मायको सर्कल हे नाव त्यावरूनच), थंडीत सुरू होईना की आतली हवा तापवणारे हीटर प्लग. जर्मन गाड्यांना १९८० पर्यंत हीटर एकामागे एक जोडलेले असायचे, दिवाळीच्या माळेसारखे, एक उडाला की सगळे बंद, नंतर पेन्सिलसारखे वेगवेगळे आले.

एकदा चालू झालं की इंजिनला बॅटरी लागतच नाही. म्हणून बॅटरी डाउन झालेली ट्रॅक्स ड्रायव्हर रात्री उतारावर नाक खाली करून लावायचे, टायरला दगड. सकाळी क्लीनर दगड काढणार, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, धडधड करत सुरू, आणि मग शेवटच्या ट्रिपपर्यंत बंद करायची नाही.